अक्षरांसाठी उघडलेली यंत्रे

हाती बाळगायच्या संगणकावर, मग तो टॅब्लेट असो, मोबाइल फोन असो किंवा लहान लॅपटॉप असो, निर्मात्याने बसवून दिलेली संचालन प्रणाली काढून दुसरी बसवण्याचा इतिहास जगभर मुख्यतः वेगाच्या हव्यासाचा आणि हौशी तंत्रज्ञांच्या कौशल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. संचालन प्रणाली, म्हणजे ज्याला सर्वत्र ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तो यंत्राचा मूळ कारभार, बदलण्यामागे महाराष्ट्रात या दोहोंखेरीज आणखी एक कारण होते आणि ते लिपीचे होते. विकत घेतलेल्या यंत्रावर मराठी मजकूर नीट उमटत नाही, निर्माता तो उमटवून देण्याच्या विचारात नाही, आणि यंत्राचे झाकण उघडल्यावाचून ती दुरुस्ती करता येत नाही, अशी ही तीन पायऱ्यांची कोंडी होती. ती फोडण्याच्या कामात पुणे शहराचा वाटा मोठा आहे, मात्र तो फारसा नोंदवला गेलेला नाही, कारण त्यातले बरेचसे काम फाँटांच्या आणि अक्षरजुळणीच्या अदृश्य थरात झाले.

हा थर नेमका कोठे असतो हे आधी पाहिले पाहिजे. यंत्र सुरू होताच प्रथम बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि पुढे कोणती प्रणाली चालवायची ते ठरवतो; त्याला कुलूप असेल तर निर्मात्याच्या सहीशिवाय दुसरी प्रणाली आत येऊ शकत नाही. त्यावर कर्नल, म्हणजे प्रोसेसर, स्मृती आणि पडदा यांच्याशी बोलणारा गाभा असतो, आणि कर्नलवर अनेक ग्रंथालये, म्हणजे इतर प्रोग्रॅमना लागणाऱ्या सामायिक सोयींचे संच, रचलेले असतात. अक्षरे उमटवणारे ग्रंथालय आणि त्याला लागणारे फाँट याच थरात बसतात, आणि सामान्य वापरकर्त्याला तेथे लिहिण्याची मुभा नसते. इंग्रजी वाचणाऱ्याला हे ग्रंथालय अस्तित्वात आहे याची जाणीवही होत नाही, कारण रोमन अक्षरे टंकलेल्या क्रमाने शेजारी शेजारी ठेवली की काम भागते. देवनागरीत तसे चालत नाही. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी टंकली जाते क नंतर, पण दिसावी लागते क च्या आधी. ‘स्त्री’ मध्ये तीन व्यंजने एकमेकांत मिसळावी लागतात. आणि ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र तर रफारही नसतो आणि पायातला र ही नसतो, तर डोळ्याच्या पापणीसारखा आडवा असतो. हे सर्व करणारे ग्रंथालय यंत्रात नसेल, तर नुसता फाँट घालून उपयोग होत नाही.

मूळ यंत्रणेला बगल देऊन देवनागरी आणण्याचा पहिला मोठा प्रयोग मोबाइलच्या कितीतरी आधी झाला. कानपूरच्या आयआयटीत सत्तरीच्या दशकापासून भारतीय लिप्यांच्या यांत्रिकीकरणावर काम चालू होते. १९८३ मध्ये दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तेथील देवनागरी संगणक मांडण्यात आला. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची, स्थापना झाली तेव्हा हे काम जिस्ट या नावाने गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात आले. सी-डॅकचे नाव लोकांच्या लक्षात आहे ते १९९१ च्या परम ८००० या महासंगणकामुळे, पण मराठी वाचक-लेखकांच्या दैनंदिन जीवनावर जास्त खोल परिणाम केला तो जिस्टनेच. त्या काळातल्या डॉस या प्रणालीला भारतीय लिप्या ठाऊक नव्हत्या आणि डॉस बदलणे कोणाच्या हाती नव्हते. म्हणून जिस्टने संगणकाच्या खाचेत बसणारे एक कार्ड तयार केले, जे कळफलक आणि पडदा यांच्यामध्ये उभे राहून अक्षरे स्वतः जुळवीत असे. प्रणाली तशीच राहिली आणि तिच्या शेजारी दुसरी, फक्त लिपीपुरती, यंत्रणा बसली. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झालेली इस्की ही संकेतपद्धती आणि इन्स्क्रिप्ट हा कळफलक हे याच परंपरेचे फळ आहे. टेबलावरच्या संगणकाला खाच होती, म्हणून हा मार्ग सापडला. खिशातल्या यंत्राला खाच नसते.

नव्वदच्या दशकात पुण्याच्या छपाई व्यवसायाने दुसरी वाट धरली. मॉड्युलर इन्फोटेक या पुण्यातल्या कंपनीची श्री-लिपी ही फाँटप्रणाली आणि तिच्यासारख्या इतर प्रणाली यांनी मराठी वृत्तपत्रे, पुस्तके, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक यांचे सारे अक्षरजुळणीचे काम विंडोजवर आणले. त्यात सुबक अक्षरे मिळाली, पण प्रत्येक प्रणालीची संकेतपद्धती स्वतःची होती, आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर उघडला की रोमन चिन्हांचा चुराडा दिसे. एका पिढीचे मराठी लेखन अशा बंद संकेतांत साठले. सर्व लिप्यांना एकच संकेत देणारी युनिकोड पद्धती पसरू लागली, २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला, आणि एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्यावर वाचता येईल ही शक्यता निर्माण झाली. परंतु त्यासाठी युनिकोड जाणणारे, मोफत वाटता येणारे आणि कोणत्याही प्रणालीत घालता येणारे फाँट हवे होते.

ते पुण्यातूनच आले. लिनक्स या मुक्त प्रणालीची स्वतःची आवृत्ती बनवणाऱ्या रेड हॅट कंपनीसाठी मॉड्युलर इन्फोटेकने तयार केलेले फाँट २००४ च्या सुमारास लोहित या नावाने, मुक्त परवान्याखाली, बाहेर पडले. संस्कृतात लोहित म्हणजे लाल, आणि कंपनीच्या नावातल्या लाल टोपीशी त्याचा संबंध उघड आहे. पहिल्या तुकडीत बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि तमिळ होत्या. मराठीचा समावेश पुढच्या तुकडीत झाला, आणि कंपनीच्या व्यावसायिक लिनक्सला मराठीचा अधिकृत आधार २००७ च्या आवृत्तीपासून मिळाला. ज्या शहरात हे काम झाले त्या शहराची भाषा दुसऱ्या तुकडीत आली, ही गोष्ट मराठी समाजाच्या मागणीविषयी बरेच काही सांगते. तरीही पुढील दशकभर या फाँटांची देखभाल, अक्षरजुळणीतल्या चुकांची दुरुस्ती आणि प्रणालीच्या मराठी अनुवादाचे काम रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयात, पुढे मगरपट्ट्याच्या सायबरसिटीत, चालू राहिले. २०११ मध्ये लोहितचा परवाना बदलून फाँटांसाठीच तयार केलेला अधिक मोकळा परवाना स्वीकारण्यात आला, ज्यामुळे तो कोणत्याही यंत्रासोबत निर्धास्तपणे देता येऊ लागला.

मराठीच्या दृष्टीने या देखभालीतली बारीक कामे महत्त्वाची होती. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणे अद्ययावत केली आणि पाकळीयुक्त ल व देठयुक्त श ही मराठी रूपे ठरवून दिली. हिंदीची वळणे गृहीत धरून तयार झालेल्या फाँटांत ही रूपे मिळत नसत, म्हणून लोहितमध्ये मराठीसाठी आधी वेगळा फाँट होता आणि नंतर हिंदी, मराठी, नेपाळी, कोंकणी यांचा एकत्रित देवनागरी फाँट झाला. युनिकोडमध्ये मराठीला लागणारे ॲ हे स्वतंत्र अक्षर २००८ च्या ५.१ या आवृत्तीत दाखल झाले, आणि त्याआधीच्या यंत्रांवर त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसे. ज्या काळात ‘ॲप’ हा शब्द घरोघरी पोहोचला, त्याच काळात त्याचे पहिले अक्षर असंख्य फोनांना ठाऊक नव्हते.

फाँट आणि अनुवाद तयार असले तरी ती प्रणाली लोकांच्या यंत्रांवर पोहोचवण्याचे काम निराळे होते, आणि ते पुणे लिनक्स युजर्स ग्रुप, म्हणजे प्लग, या स्वयंसेवी मंडळाने व महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले. मॉडेल कॉलनीतील सिम्बायोसिसच्या संगणक अभ्यास संस्थेत या मंडळाच्या सहकार्याने भरणारे ग्नुनिफाय हे वार्षिक संमेलन त्याचे केंद्र बनले. आपला लॅपटॉप घेऊन येणाऱ्याला विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवून देणे, डिस्कचे भाग पाडताना जुना मजकूर पुसला जाऊ नये याची काळजी घेणे, वायफायचा तुकडा ओळखला जात नसेल तर त्याचा ड्रायव्हर शोधणे, अशा कामांची तालीम पुण्याच्या एका पिढीला तेथे मिळाली. इंटरनेट मंद होते, म्हणून सीडी हातोहात फिरत, आणि उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीच्या सीडी २००५ ते २०११ या काळात टपालाने विनामूल्य घरी येत. पुढे फोन उघडण्याची हिंमत ज्यांनी केली, त्यांच्यापैकी अनेकांची भीती या लॅपटॉपांवर आधीच मोडलेली होती.

लहान यंत्रावर मूळपासूनच वेगळी प्रणाली, आणि तीही मराठीत, हा प्रयोग मात्र पुण्याच्या बाहेर, घाट उतरल्यावर मुंबई-पुणे लोहमार्गावरच्या कर्जतजवळ, रायगड जिल्ह्यातल्या खैराट या वस्तीवर झाला. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याची योजना अमेरिकेतल्या एमआयटीच्या निकोलस निग्रोपॉन्टी यांनी मांडली होती आणि शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून ती गाजली. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ती शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद ठरवून नाकारली, तरी २००७ मध्ये खैराटच्या जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेत तिचा भारतातला पहिला प्रायोगिक वापर सुरू झाला. एक्सओ नावाचे हे हिरवे-पांढरे यंत्र ४३३ मेगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे, २५६ मेगाबाइट स्मृतीचे आणि फिरत्या डिस्कऐवजी एक गिगाबाइट फ्लॅश साठवण असलेले होते, त्याचा पडदा भर उन्हातही वाचता येई, आणि त्यावर रेड हॅटच्या फेडोरा लिनक्सवर उभारलेली शुगर ही मुलांसाठी खास घडवलेली प्रणाली होती. विंडोजमध्ये असतात तसे फोल्डर आणि फाइली तीत नव्हत्या. मुलाने केलेले प्रत्येक काम रोजनिशीत आपोआप नोंदले जाई.

या यंत्राच्या कळफलकावर एक कळ अशी होती की ती दाबली असता चालू असलेल्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, पडद्यावर उघडावा, अशी तिच्या निर्मात्यांची कल्पना होती. वापरणाऱ्याला यंत्राचे आतडे पाहण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व इतक्या ठळकपणे प्लास्टिकच्या कळीवर क्वचितच कोरले गेले असेल. त्याच वेळी चोरीला आळा घालण्यासाठी या यंत्राच्या बूटलोडरला कुलूप होते, आणि दुसरी प्रणाली बसवू इच्छिणाऱ्याला त्या विशिष्ट यंत्रापुरती विकासकाची किल्ली मागून घ्यावी लागे. कुलूप होते, पण किल्ली मागता येत होती. नंतरच्या फोनांच्या इतिहासात हाच फरक निर्णायक ठरला. २००८ मध्ये याच यंत्रावर विंडोज एक्सपी बसवण्याचा करार झाला, त्या सुमारास प्रणालीचे शिल्पकार वॉल्टर बेंडर यांनी संस्था सोडली आणि शुगर लॅब्ज ही स्वतंत्र संस्था काढली. मराठी मुलांच्या हाती मराठी मेन्यूचे, देवनागरी उमटवणारे आणि बॅगेत मावणारे यंत्र २००७ मध्येच देता येत होते, हे खैराटने दाखवून दिले. बाजारातल्या फोनांना ते जमायला आणखी बरीच वर्षे लागली.

अँड्रॉइड ही गूगलची प्रणाली भारतात २००९ पासून पसरू लागली, आणि तिच्या २.x आवृत्त्यांवर देवनागरीची अवस्था दयनीय होती. फाँटच नसल्यामुळे मराठी संकेतस्थळ उघडले की चौकोनांच्या रांगा दिसत. ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या आतल्या एका पानावर जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा पर्याय चालू केला की कंपनीचा सर्व्हर मजकुराची चित्रे करून पाठवी, आणि वाचन कसेबसे होई. ही युक्ती त्या काळातल्या मराठी वाचकांनी एकमेकांना तोंडी शिकवली. मात्र ती फक्त ब्राउझरपुरती होती. एसएमएस, ईमेल, संपर्कांची नावे येथे चौकोन कायम राहत. काही कंपन्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या आपल्या फोनांत स्वतःपुरती दुरुस्ती केली, पण ती सर्व मॉडेलांत नसे.

त्यामुळे रूट करणे हा शब्द मराठी वापरकर्त्यांच्या बोलण्यात आला. लिनक्सच्या परंपरेत रूट म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, आणि फोन रूट करणे म्हणजे निर्मात्याने स्वतःपाशी राखलेला तो अधिकार मिळवणे. तो मिळाला की प्रणालीच्या फाँटांच्या कपाटात हात घालता येई आणि जेथे अक्षर सापडले नाही तर शेवटचा आधार म्हणून वापरला जाणारा फाँट होता, तेथे देवनागरी असलेला फाँट ठेवता येई. फोन पुन्हा सुरू केला की चौकोन नाहीसे होऊन अक्षरे दिसत, आणि पाहणाऱ्याला क्षणभर काम झाले असे वाटे. पण अक्षरे सुटी असत. ‘विद्यार्थी’ या शब्दातली पहिली वेलांटी व च्या मागे जाई, द आणि य यांच्यामध्ये पाय मोडल्याची खूण उघडी राही, आणि रफार र होऊन वेगळा उभा राही. अडचण फाँटाची नव्हतीच, ती अक्षरजुळणी करणाऱ्या ग्रंथालयाची होती, आणि ते बदलायचे तर प्रणालीच बदलावी लागत होती.

हे उघड होणे हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय, कारण येथून पुढे लिपीचा प्रश्न आणि पर्यायी प्रणालीचा प्रश्न वेगळे राहिले नाहीत. पर्यायी प्रणाली बसवणे शक्य होते त्याचे कारण कायदेशीर होते: अँड्रॉइडचा मोठा भाग मुक्त परवान्याखाली जाहीर केलेला आहे, आणि तिच्या गाभ्यातला लिनक्स कर्नल ज्या परवान्याखाली येतो तो यंत्र विकणाऱ्याला कर्नलचा सोर्स कोड मागणाऱ्यास देण्यास बांधून घालतो. या दोन आधारांवर अमेरिकेतल्या स्टीव्ह कॉन्डिक याने २००९ मध्ये सायनोजेनमॉड ही प्रणाली सुरू केली. त्याच वर्षी गूगलने आपली बंद परवान्याची ॲप तीत वाटण्यास कायदेशीर नोटीस देऊन मनाई केली, आणि तेव्हापासून अशी प्रणाली आणि गूगलची ॲप ही वेगवेगळी बसवण्याची रीत पडली. वापरकर्त्याला आधी बूटलोडरचे कुलूप काढावे लागे, मग रिकव्हरी नावाचा दुरुस्तीचा छोटा विभाग बदलावा लागे, आणि त्यातून नव्या प्रणालीची फाइल, जिला सर्वजण रॉम म्हणत, आत घालावी लागे. मधेच बॅटरी संपली किंवा दुसऱ्या मॉडेलची फाइल घातली गेली, तर यंत्र कायमचे बंद पडण्याची शक्यता असे. त्याला ब्रिक होणे, म्हणजे विटेसारखे निर्जीव होणे, म्हणत. वॉरंटी तर पहिल्याच पायरीला जाई. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांतून याच कामाला ‘सॉफ्टवेअर मारणे’ हा रोखठोक शब्द रूढ झाला. मात्र बंद पडलेल्या फोनात मूळ प्रणाली पुन्हा भरणे एवढाच बहुधा त्याचा अर्थ असे, आणि नवी प्रणाली घालण्याची जोखीम विद्यार्थी आणि तरुण अभियंते स्वतःच्याच यंत्रांवर घेत.

२०११ च्या शरद ऋतूतल्या सहा आठवड्यांत या कथेतली निरनिराळी सूत्रे विलक्षण जवळ आली. ५ ऑक्टोबरला दिल्लीत तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी आकाश हा स्वस्त टॅब्लेट जाहीर केला. त्यात सात इंची, दाब देऊन चालणारा पडदा, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि अँड्रॉइड २.२ ही प्रणाली होती, म्हणजे भारतीय विद्यार्थ्यांसाठी म्हणून घडवलेल्या यंत्राला भारतीय लिप्यांची जुळणी अवगत नव्हती. १९ ऑक्टोबरला गूगलने अँड्रॉइड ४.० जाहीर केली, जिच्यात देवनागरी, बंगाली आणि तमिळ यांची अक्षरजुळणी प्रथमच प्रणालीच्या पायात आली. ते काम करणाऱ्या हार्फबझ या ग्रंथालयाची पाळेमुळे टेबलावरच्या संगणकांसाठीच्या लिनक्सच्या मुक्त प्रणालींत होती. ४ ते ६ नोव्हेंबर या तीन दिवसांत शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, ज्याला पुणेकर सीओईपी म्हणतात, फेडोराच्या वापरकर्त्यांचे व विकासकांचे फडकॉन हे संमेलन भरले आणि भारतीय भाषांच्या फाँटांवर व अनुवादांवर काम करणारी मंडळी एका छताखाली आली. १४ नोव्हेंबरला अँड्रॉइड ४.० चा सोर्स कोड खुला झाला, आणि जुन्या यंत्रांवर ती बसवण्याची जगभरातली खटपट त्याच दिवसापासून सुरू झाली.

डिसेंबर २०११ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस हा फोन आणि सात इंची पहिला गॅलेक्सी टॅब यांना ४.० ही आवृत्ती मिळणार नाही असे सांगितले. स्मृती पुरत नाही, असे कारण दिले गेले. फोन बाजारात येऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते, टॅबला तर तेवढेही नाही. सायनोजेनमॉडच्या स्वयंसेवकांनी मात्र २०१२ मध्ये नवव्या आवृत्तीच्या रूपाने तीच ४.० या दोन्ही यंत्रांवर चालवून दाखवली. ज्या मराठी वाचकाने ती बसवली त्याला वेगाचा फायदा किती झाला याचा हिशेब वेगळा, पण ‘विद्यार्थी’ हा शब्द त्याला त्याच जुन्या पडद्यावर धड दिसू लागला, आणि तो दिसण्यासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागले नाही. निर्मात्याने अशक्य म्हटलेली गोष्ट अशक्य नव्हती, ती त्याला परवडत नव्हती एवढेच, हे त्या एका शब्दाने सिद्ध केले. बूटलोडरच्या कुलपाचा प्रश्न भाषिक हक्काचा प्रश्न आहे असे म्हणणे पुण्या-मुंबईच्या चर्चांत त्या वेळी कोणाला सुचले नाही. ते म्हणायला हवे होते.

आकाशची पुढची कथा महाराष्ट्रातच घडली. पहिल्या यंत्रावर सर्व बाजूंनी टीका झाल्यावर प्रकल्पाची सूत्रे मुंबईच्या आयआयटीकडे आली आणि प्रा. दीपक फाटक व प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या चमूंनी त्याला नवा आकार दिला. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते प्रकाशित झालेल्या आकाश २ मध्ये एक गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट स्मृती, बोटाच्या स्पर्शाने चालणारा पडदा आणि अँड्रॉइड ४.० होती. या यंत्राच्या हृदयात असलेल्या ऑलविनर कंपनीच्या चिपचा एक गुण प्रकल्पाच्या फार उपयोगी पडला: सुरू होताना ती प्रथम मेमरी कार्डावर प्रणाली आहे का ते पाहते, आणि तेथे काही नसेल तरच आतल्या साठवणीकडे वळते. परिणामी, कार्डावर लिनक्स भरून ते खाचेत घातले की टॅब्लेट लिनक्सचा संगणक होई आणि कार्ड काढून पुन्हा सुरू केला की अँड्रॉइड जशीच्या तशी परत येई. कुलूप तोडायचे नव्हते, वॉरंटी घालवायची नव्हती, वीट होण्याची भीती नव्हती.

मौद्गल्य यांच्या चमूने याचा उपयोग करून आकाशवर पूर्ण लिनक्स चालवून दाखवली, आणि सी, पायथन, सायलॅब यांसारखी अभियांत्रिकीला लागणारी साधने अँड्रॉइडच्या आतूनही वापरता येतील अशी सोय केली. याच चमूचा बोलक्या पाठांचा प्रकल्प लिनक्स आणि इतर मुक्त साधने शिकवणाऱ्या ध्वनिचित्रफिती भारतीय भाषांत, मराठीतही, तयार करीत होता, त्यामुळे यंत्र, त्यावरची पर्यायी प्रणाली आणि ती वापरण्याचे मातृभाषेतले शिक्षण अशी साखळी पहिल्यांदाच पूर्ण झाली. एक लाख टॅब्लेटांच्या त्या योजनेकडे वृत्तपत्रांनी किंमत आणि विलंब एवढ्याच अंगांनी पाहिले. खाचेतल्या कार्डाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले, आणि २०१५ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला तेव्हा ते कार्डही विस्मरणात गेले. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्याच्या जिस्टने संगणकाच्या खाचेत कार्ड घालून मूळ प्रणालीला हात न लावता देवनागरी आणली होती. आकाशच्या खाचेतले कार्ड आकाराने नखाएवढे होते, पण ते संपूर्ण प्रणालीच बदलत होते.

अँड्रॉइड ४.१ मध्ये गूगलने आणखी भारतीय लिप्या घेतल्या तेव्हा कन्नड आणि तेलुगू यांच्यासाठी पुण्यात जन्मलेले लोहित फाँटच त्या यंत्रांत गेले. देवनागरीसाठी कंपनीने आपला वेगळा फाँट केला. मराठी अक्षरे आता दिसत होती, परंतु मराठी मेन्यू नव्हते. प्रणालीच्या भाषांच्या यादीत मराठीचे नाव आले ते २०१४ च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड ५.० मध्ये, बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम यांच्याबरोबर. त्याच महिन्यांत पर्यायी प्रणालीही उघड बाजारात उतरली: डिसेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्स या भारतीय कंपनीने यू युरेका हा फोन, सायनोजेनमॉडमधून निघालेल्या सायनोजेन कंपनीच्या व्यावसायिक प्रणालीसह, ८,९९९ रुपयांना जाहीर केला, आणि त्या प्रणालीच्या भारतातल्या हक्कावरून वनप्लस कंपनीशी मायक्रोमॅक्सचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ज्या गोष्टीसाठी विद्यार्थी आपला फोन पणाला लावत होते, तिच्यासाठी आता कंपन्या न्यायालयात भांडत होत्या.

जून २०१५ च्या अखेरीस फडकॉन पुन्हा पुण्यात, या वेळी कोथरूडच्या एमआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयात, भरले. मधल्या काळात लोहितच्या देवनागरी फाँटाची अक्षरजुळणीची नियमावली मुळापासून नव्याने लिहून झाली होती, जेणेकरून एकच फाँट वेगवेगळ्या ग्रंथालयांवर सारखाच वागावा आणि लिनक्सवर बरोबर दिसणारा शब्द फोनवर बिघडू नये. डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजेन कंपनीने आपले सर्व्हर बंद केले. स्वयंसेवकांनी सोर्स कोड उचलला, लिनेजओएस असे नवे नाव घेतले आणि काम चालू ठेवले. निर्मात्यांनी सोडून दिलेल्या फोनांवर आणि टॅब्लेटांवर ती बसवली जाऊ लागली तेव्हा भाषा निवडण्याच्या पडद्यावर, देवनागरीत आणि पायमोड न होता, मराठी हे नाव होते.